घरे आधी, नकाशा मागाहून

पावसाळ्यात कसाऱ्याच्या गाडीने आम्ही खडवलीस उतरतो, तो भाताची खाचरे आणि भरलेली भातसा नदी दृष्टीस पडते. अशा गावास नगररचनेच्या इतिहासाशी काय कर्तव्य, असे कोणी पुसेल. आमच्या मते तो इतिहास येथेच कसास लागणार आहे.

कल्याणास आगगाडी आली १८५४ साली. मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा झाला १९१५ साली. त्याची दृष्टी काही जमिनींपुरतीच होती. वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करून, रस्त्यापुरती जागा काढून, उरलेले भूखंड मालकांस परत द्यावयाचे. १९५४ च्या कायद्याने सबंध शहराचा विकास आराखडा करणे हे नगरपालिकांचे कर्तव्य ठरले. १९६६ च्या कायद्याने शहराबाहेरील खेडीही प्रादेशिक योजनेच्या कक्षेत आणली. दृष्टी विस्तारली खरी, परंतु वस्ती तिच्यासाठी थांबली नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासित आले आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले. निवाऱ्याची निकड नकाशाची वाट पाहत नाही. तिला दोष देणे न्यायाचे नव्हे.

म्हणूनच नकाशाने आधी निघावे. भातसा धरणाचे पाणी नदीच्याच पात्रातून, खडवलीवरून, पिसे येथे जाते व तेथून मुंबईस पोहोचते. खाचर एकदा बिनशेती झाले की पुन्हा खाचर होत नाही. आणि नदीकाठी घरे उठल्यावर सांडपाण्याची वाट शोधणे म्हणजे वरातीमागून घोडे. घरे हवीतच, पण ती कोठे नकोत, हे पहिली वीट बसण्यापूर्वी ठरावे.