कूलर : पाणीजोड व निचरा

बाष्पनाने हवा गार करणाऱ्या यंत्राला पाणी अखंड मिळावे, टाकीतली पातळी ठरावीक राहावी आणि जादा झालेले व खारावलेले पाणी बाहेर पडावे, यासाठी केलेली नळांची व्यवस्था. तिचे तीन भाग : पाणी आणणारी नळी व तिच्या टोकाचा फ्लोट, ओव्हरफ्लो आणि तळाचा निचरा. विदर्भातल्या घरगुती कूलरना बहुधा यांपैकी पहिलाच भाग नीट बसवलेला असतो, तोही सगळीकडे नसतो. बादलीने किंवा नळाच्या पाइपने टाकी भरण्याची रीत अजून चालू आहे.

वाळ्याच्या ताट्यांवर भिश्ती पाणी मारी, तेव्हा जोडणीचा प्रश्न नव्हता. जादा पाणी अंगणात जिरे. एकोणिसाव्या शतकात ओल्या ताटीतून हवा ओढणारे, हाताने फिरवायचे ‘थर्मँटिडोट’ नावाचे यंत्र हिंदुस्थानातल्या इंग्रजी बंगल्यांत वापरात होते. तेच पाणी पंपाने पुन्हा पुन्हा ताटीवर सोडणारा विजेचा कूलर आला आणि वापरलेल्या पाण्याचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला.

एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतून सुमारे २,४३० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. ताशी २,००० घनमीटर हवा १२ अंश सेल्सिअसने उतरवायची, तर ताशी सुमारे ११ लिटर पाणी उडते. गच्चीवरच्या टाकीचे पाणी मे महिन्यात हाताला चटका देते म्हणून कूलर गार करत नाही, ही समजूत चुकीची आहे. ४० अंशांचे एक लिटर पाणी २५ अंशांवर यायला जेमतेम ६३ किलोज्यूल लागतात. बाष्पनापुढे हा हिशेब किरकोळ. कूलरच्या टाकीत, म्हणजे टपात, बर्फ टाकण्याचेही तसेच. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो, म्हणजे एक लिटर पाणी उडण्याच्या सातव्या हिश्शाइतके.

भरणनळीला अर्धा इंची जोड पुरतो. ती शक्यतो गच्चीच्या टाकीवरून घ्यावी आणि कूलरच्या हाताशी एक कॉक ठेवावा. कॉकनंतर जाळी बसवली, तर रेतीचा कण फ्लोटच्या बैठकीत अडकून रात्रभर पाणी झिरपत नाही. टाकी कूलरपेक्षा तीन मीटर उंच असेल तर दाब पुरेसा मिळतो. कूलरच गच्चीवर, टाकीच्या पातळीला असेल, तर फ्लोट उघडा राहूनही टप भरत नाही. पारदर्शक नळीत शेवाळ धरते आणि उन्हात पडलेली नळी मऊ होऊन निपलवरून निसटते. त्यामुळे नळी अपारदर्शक हवी आणि टोकाला क्लिप हवी.

फ्लोटच्या तोटीचे तोंड पाण्यात बुडलेले नसावे. ते ओव्हरफ्लोच्या काठापेक्षा निदान २५ मिलिमीटर वर हवे. जिथे नळाला ठरावीक वेळीच पाणी येते तिथे ही अट विशेष महत्त्वाची. पुरवठा बंद पडून वाहिनी रिकामी होते तेव्हा ती मागे ओढ घेते. तोंड बुडलेले असेल तर टपातले घाण पाणी त्या ओढीने पिण्याच्या वाहिनीत जाऊ शकते. मधली हवेची फट हा त्यावरचा सर्वांत स्वस्त आणि कधीही न बिघडणारा उपाय.

उडते ते शुद्ध पाणी, क्षार मागे राहतात. वरच्या उदाहरणातला कूलर रोज १० तास चालला तर ११० लिटर पाणी उडेल. टप ६० लिटरचा धरला आणि फ्लोट तो भरत राहिला, तर पहिल्याच दिवसाअखेर पाण्यातले क्षार मूळच्या जवळपास पावणेतीन पट होतात. टप न उपसता आठवडा गेला तर हा आकडा कागदावर चौदापटीला टेकतो. कागदावर अशासाठी, की प्रत्यक्षात त्याच्या आधीच चुना ताटीवर, पंपाच्या जाळीवर आणि वरच्या पन्हळीच्या भोकांवर पांढरा थर होऊन बसतो. ताटीचे पट्टे कोरडे राहू लागतात आणि त्यांतून गरम हवा खोलीत येते. नागपूरला कन्हान आणि पेंचचे पाणी येते; बोअरचे पाणी बहुधा याहून जड असते, आणि तिथे एकाच हंगामात ताट्या दगडासारख्या होतात. दोष मात्र ताटीवाल्याला दिला जातो.

उपाय म्हणजे थोडे पाणी सतत सोडून देणे. क्षार मूळच्या तिपटीवर थोपवायचे असतील तर जितके उडते त्याच्या निम्मे सोडावे लागते. पाचपट चालणार असतील तर चौथा हिस्सा. पंपाच्या वर जाणाऱ्या नळीला एक बारीक टी लावून तिची नळी निचऱ्याकडे न्यावी. पंप चालू असेल तेवढाच वेळ पाणी सुटते, वेगळा कॉक फिरवण्याची आठवण ठेवावी लागत नाही. पाण्याची टंचाई असलेल्या घराला हे उधळपट्टी वाटेल. त्यांनी दर दोन दिवसांनी टप पूर्ण उपसावा आणि ते पाणी फरशी धुवायला वापरावे. खारट पाणी कुंडीतल्या नाजूक झाडांना सोसत नाही.

ओव्हरफ्लो ही टपात उभी राहणारी नळी. तिचे वरचे तोंड टपाच्या काठाच्या थोडे खाली आणि फ्लोटने राखलेल्या पातळीच्या दोनेक सेंटिमीटर वर असते. ती भरणनळीपेक्षा जाड हवी आणि तिच्यावर कॉक कधीही नसावा. जोडणी संपल्यावर फ्लोट हाताने खाली दाबून धरावा : पातळी ओव्हरफ्लोपाशी थांबली तर काम झाले, वर चढत राहिली तर नळी बारीक आहे. पत्र्याच्या टपात पितळी जोड थेट बसवल्यास जस्ताचा मुलामा त्या जागी लवकर झिजतो, म्हणून दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर लावतात आणि आतून डांबरी रंग देतात. निचऱ्याच्या नळीला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार पुरे. तिचे टोक मोरीच्या जाळीवर मोकळे सोडावे. ते मैलानळात बंदिस्त घातले, तर पंखा गटाराचा वास खोलीत ओढतो.

पाणी आणि वीज एकाच पत्र्याच्या पेटीत असल्याने अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी हा ऐच्छिक भाग नाही. टप भरताना, उपसताना, पंप चाचपताना प्लग काढलेला असावा. फ्लोटचा एक फायदा इथेही आहे : चालू कूलरपाशी ओल्या हाताने जाण्याची वेळ कमी येते.

मृगाच्या सरींनंतर हवा दमट होते आणि कूलरचा उपयोग सरतो. तेव्हा कॉक बंद करून टप रिकामा करावा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास टपाच्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेलगत अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून वापर चालू असतानाही आठवड्यातून एकदा टप कोरडा करण्यास सांगितले जाते. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, भिंत घासावी लागते. चिकटलेली अंडी कोरड्या टपात कित्येक महिने तग धरतात आणि पुढच्या वर्षी पाणी भरताच फुटतात.