अक्षयनीवी आणि पाटी-पुस्तक : नाशिक-खानदेशांतील विद्यादानाचा एक विचार

दरवर्षीं जून महिन्यांत शाळा उघडल्या म्हणजे नाशिक शहरांतून पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर इत्यादि तालुक्यांतील शाळांकडे वह्या, पाट्या, दप्तरें व पुस्तकें यांचीं गाठोडीं जाऊं लागतात. हें कृत्य स्तुत्य आहे याविषयीं दुमत नाहीं. परंतु असें दान टिकतें कशानें, आणि तें कोणास पोंचतें व कोणास पोंचत नाहीं, हे दोन प्रश्न दात्याच्या मनांत क्वचितच उभे राहतात. त्यांचीं उत्तरें शोधण्याचीं साधनें नाशिक व खानदेश या प्रांतांतच उपलब्ध आहेत. त्यांपैकीं कांहींचा परामर्श प्रस्तुत लेखांत घेण्याचें योजिलें आहे.

पहिलें साधन नाशिकजवळील त्रिरश्मि डोंगरांतील, म्हणजे आज ज्यांस पांडवलेणीं म्हणतात त्यांतील, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात यानें हें लेणें भिक्षुसंघास अर्पण केलें, व त्यासोबत तीन हजार कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ दिली. ही रक्कम त्यानें भिक्षूंच्या हातीं दिली नाहीं. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २००० व दुसऱ्या श्रेणीकडे १००० अशी ती व्याजीं लाविली. पहिल्या रकमेस दरमहा शेंकडा एक व दुसरीस दरमहा शेंकडा पाऊण असा दर ठरला. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असें लेखांत स्पष्ट सांगितलें आहे. लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं मिळावयाचे होते.

वाचकांनीं हा हिशेब करून पहावा. दोन हजारांवर शेंकडा एक म्हणजे दरमहा २० व वर्षाचे २४० कार्षापण होतात. आणि वीस जणांस प्रत्येकीं बारा म्हणजेही बरोबर २४०च. यावरून गरज आधीं मोजली व मुद्दल मागाहून ठरविलें, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. शिवाय हा सर्व व्यवहार निगमसभेंत ऐकवून फलकावर नोंदविल्याचें लेखांत म्हटलें आहे. म्हणजे दात्याच्या पश्चात् श्रेणीनें हात आंखडला असता, तर तिला जाब विचारण्यास नोंद शिल्लक होती.

याच लेण्यांतील दुसरा एक लेख आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा आहे. त्यांत विष्णुदत्ता नामक उपासिकेनें आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं निरनिराळ्या श्रेणींकडे रकमा ठेवल्या आहेत, व त्या श्रेणींत तेल्यांचीही एक श्रेणी आहे. हीं दानें शाळकरी मुलांसाठीं नव्हतीं हें उघड आहे. परंतु वस्त्र व औषध यांप्रमाणेंच पाटी-वही ही पुनःपुन्हा लागणारी वस्तु आहे. जी वस्तु दरसाल संपते तिचें दानही दरसाल उगवलें पाहिजे, ही गोष्ट नाशिकच्या दात्यांस अठराशें वर्षांपूर्वीं ठाऊक होती, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

विद्येच्या संबंधांत हीच पद्धति कशी अमलांत आली हें खानदेशांतील पाटण येथील शिलालेखावरून समजतें. चाळीसगांवानजीकचें हें पाटण भास्कराचार्यांच्या वंशामुळें प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होता. त्यानें आपल्या आजाच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून पाटण येथें मठ स्थापिला, व निकुंभवंशीय सोइदेव यानें त्यास उत्पन्न लावून दिलें. लेख शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा आहे. त्याचा बहुतेक भाग संस्कृत असून शेवटचा भाग मराठी आहे, आणि आपल्या विषयास तोच अधिक महत्त्वाचा आहे. पाटणच्या बाजारांत जो माल विक्रीस येईल त्यावरील राजाचा हक्क मठास देण्यांत आला, आणि गांवांत जितके घाणे चालतील तितक्यांवर पळी पळी तेल मठास मिळावें असें ठरलें. दान श्लोकांत गायिलें गेलें, पण घाण्यामागील पळीची नोंद लोकांच्या बोलींत केली गेली. ज्यांच्याकडून वसूल घ्यावयाचा त्यांस तो समजावा, हाच यांतील हेतु दिसतो. विद्येचा खर्च असा सबंध बाजारपेठेनें थोडा थोडा उचलला.

ही झाली दानाच्या स्थैर्याची बाजू. दुसरी बाजू पात्रतेची आहे. यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें चतुर्वर्गचिंतामणीच्या दानखंडांत विद्यादानाचा विस्तारानें विचार केला आहे. ग्रंथ लिहवून घेणें, त्याचें पूजन करणें व तो योग्य स्थळीं अर्पण करणें, हें पुण्यकृत्य मानिलें आहे. गो, भूमि व सरस्वती या तिहींच्या दानास अतिदानें म्हणण्याची परंपराही जुनी आहे. तथापि या विचारांत ‘पात्र’ या शब्दास मोठें वजन होतें. ज्यास वेदशास्त्राचा अधिकार त्यासच तें दान पोंचे. पाटणच्या घाण्यावरील तेली मठास तेल देई, पण त्याच्या मुलास त्या मठांत सिद्धांतशिरोमणि शिकतां येत असे काय, हा प्रश्न विचारणेंही त्या काळीं कोणास सुचलें नसावें.

गांवोगांवच्या पंतोजींच्या शाळांत छापील पुस्तकाची गरजच नव्हती. धुळपाटीवर अक्षरें गिरवावीं, उजळणी व पाढे तोंडपाठ करावे, मोडी वाचावी, एवढ्यावर काम भागत असे. पुढें इ. स. १८२२ मध्यें बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी स्थापन झाली व मराठी शाळापुस्तकें छापून निघूं लागलीं. नाशिक येथेंही इ. स. १८४० मध्यें सार्वजनिक वाचनालयाची स्थापना झाली. छापखान्यानें ग्रंथ स्वस्त केला हें खरें. पण त्याबरोबर असेंही झालें कीं, ज्याच्यापाशीं पुस्तक नाहीं तो मुलगा शाळेंत बसूनही मागें पडूं लागला. धुळीस मोल नव्हतें, क्रमिक पुस्तकास किंमत पडूं लागली. गरीब विद्यार्थ्यास पुस्तक देण्याचा आजचा प्रश्न येथून सुरू होतो.

या प्रश्नाचें उत्तर ज्या पुरुषानें मोठ्या प्रमाणावर दिलें तो नाशिक जिल्ह्यांतीलच होता. मालेगांव तालुक्यांतील कवळाणें या खेड्यांत इ. स. १८६३ मध्यें जन्मलेला गोपाळराव हा शेतकऱ्याचा मुलगा इ. स. १८७५ मध्यें बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, व सयाजीराव गायकवाड या नांवानें प्रसिद्धीस आला. दत्तक जातेवेळीं त्यास लिहितां-वाचतां येत नव्हतें. राज्याचीं सूत्रें हातीं आल्यावर लवकरच त्यानें अंत्यज मानिलेल्या मुलांसाठीं शाळा काढविल्या, आणि त्या मुलांस पाट्या-पुस्तकें राज्याच्या खर्चानें देण्याची व्यवस्था केली. इ. स. १८९३ मध्यें अमरेली तालुक्यांत सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला, व १९०६ सालीं तो कायद्यानें सबंध बडोदें राज्यास लागू झाला. इ. स. १९१० मध्यें विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून त्यानें ग्रंथालयांची जी घडी बसविली, तींत खेड्यापाड्यांस ग्रंथांच्या पेट्या पाठविण्याचीही योजना होती. हंटर आयोगापुढें इ. स. १८८२ मध्यें जोतीराव फुले यांनीं निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें असें मागितलें होतें. त्या मागणीस एका संस्थानापुरतें कां होईना, कायद्याचें रूप मिळालें. येथें मुलाच्या पात्रतेची चौकशी संपली, आणि मूल असणें हीच पात्रता ठरली.

यानंतर इ. स. १९१४ मध्यें नाशिक येथें मराठा विद्याप्रसारक समाज स्थापन झाला. त्याच्या आरंभींच्या कार्यांत वसतिगृहास मोठें स्थान होतें. खेड्यांतील मुलास पुस्तकासोबत छप्पर व जेवणही लागतें, ही गोष्ट त्याच्या चालकांनीं ओळखिली होती.

आज स्थिति पुष्कळ पालटली आहे. इ. स. २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क दिला, व सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकें विनामूल्य मिळतात. वहीचा भार मात्र बव्हंशीं आईबापांवरच राहिला आहे. पाठ्यपुस्तकांतच वहीचीं कोरीं पानें घालण्याचा प्रयोग २०२३-२४ पासून राज्यांत झाला, पण २०२५ सालीं तो मागें घेण्यांत आला. जूनमध्यें वांटलेल्या वह्या दिवाळीच्या आंतच भरून जातात, हा प्रस्तुत लेखकाचा वर्गांतील अनेक वर्षांचा अनुभव आहे. त्यानंतर मूल पाठकोऱ्या कागदावर लिहितें, अथवा लिहीतच नाहीं. दुसऱ्या सत्रांत गाठोडें घेऊन येणारा दाता विरळा.

म्हणून दात्यांपुढें दोन सूचना नम्रपणें ठेवाव्याशा वाटतात. पहिली ही कीं, उषवदाताप्रमाणें गरज आधीं मोजावी. शाळेंत मुलें किती, प्रत्येकास वर्षभर वह्या किती व कोणत्या महिन्यांत लागतात, हें मुख्याध्यापकांस विचारून तेवढ्या व्याजाचें मुद्दल पेढींत ठेवावें. रक्कम लहान असली तरी चिंता नाहीं. घाण्यामागें पळीभर तेल हें माप लहानच होतें. या ठेवीची नोंद शाळेच्या दप्तरीं व गांवच्या सभेंतही असावी.

दुसरी सूचना घेणाऱ्याच्या मानाविषयीं आहे. त्रिरश्मीच्या लेखांत दात्याचें नांव ठळक कोरलें आहे, पण चीवर घेणाऱ्या वीस जणांपैकीं एकाचेंही नांव नाहीं. आज वही घेणाऱ्या मुलास रांगेंत उभें करून त्याचें छायाचित्र घेतात व तें चारचौघांत फिरवितात. दात्यानें आपलें नांव खुशाल लावावें. ती रीत जुनीच आहे. घेणाऱ्याचें दैन्य मात्र कोरूं नये. पुस्तक हा त्या मुलाचा हक्क आहे, आणि दाता केवळ त्या हक्कांतील उणें भरून काढीत आहे, ही जाणीव ठेवून दिलेली वहीच खरें विद्यादान होय.