मांडवस, सालदार आणि 1 जानेवारी

हा भाग तुमच्या कानात पडेपर्यंत फोनवर नवीन वर्षाच्या संकल्पांचा पाऊस पडून गेला असेल. जिम लावायची, पैसे साठवायचे, रील कमी बघायचे. मला त्याची टिंगल करायची नाहीये. पुढच्या बारा महिन्यांकडे माणूस आशेने बघतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण मला इतिहासाची खोड. त्यामुळे माझा प्रश्न जरा वेगळा आहे. ‘येणारं वर्ष माझं आहे, त्यात काय करायचं ते मी ठरवणार’ असं म्हणायची मुभा आपल्याकडे कोणाला होती? आणि कधीपासून?

मी बोलतोय नरखेड तालुक्यातून. नागपूर जिल्ह्याचं हे वायव्येचं टोक. एका अंगाला वर्धा नदी, तिच्या पलीकडे अमरावती जिल्हा, वरच्या अंगाला मध्य प्रदेश. संत्रा आणि कापूस ही इथली ओळख. इथली जुनी माणसं गुढीपाडव्याला ‘मांडवस’ म्हणतात. पुण्यामुंबईच्या श्रोत्यांना हा शब्द नवा वाटेल. गुढी, कडुनिंब, पुरणपोळी हे सगळं आहेच, पण मांडवस म्हणजे मुख्यतः शेतीच्या वर्षाचा पहिला दिवस. या दिवशी बैलांची आणि अवजारांची पूजा करून शेतात कामाचा मुहूर्त करायचा. आणि याच दिवशी सालदाराचं साल बदलायचं.

आता सालदार म्हणजे कोण? ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. सालदार किंवा सालगडी म्हणजे वर्षभरासाठी एकाच शेतकऱ्याकडे बांधलेला गडी. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. मोबदला ठरायचा वर्षाचा: काही रोख, काही ज्वारी, वर एखादं धोतर, चपलांचा जोड, जसं गाव असेल तसं. बहुतेक वेळा कागद नसायचाच. चार माणसांसमोर शब्द व्हायचा आणि गड्याला ‘उचल’ मिळायची, म्हणजे आगाऊ रक्कम. पाडवा जवळ आला की गावात एकच चौकशी: “यंदा कोनाकडे साल हाये बावा?”

हा प्रश्न नीट ऐका. ‘यंदा काय करणार?’ असं कोणी विचारत नाही. यंदा तू कोणाचा, असं विचारतात. त्याचं वर्ष सुरू व्हायच्या आधीच विकलं गेलेलं असतं. पहाटे बैलांना चारा-पाणी करण्यापासून रात्री जागलीला जाण्यापर्यंत सगळा दिवस मालकाचा. पुष्कळ ठिकाणी बायकोने मालकाच्या गोठ्यातलं शेण काढायचं, अंगण झाडायचं, हेही त्याच सालात धरलेलं असायचं. तिला वेगळं कोणी विचारायचं नाही. आजारपण आलं, लग्न निघालं की पुन्हा उचल. ती वर्षअखेर फिटली नाही की पुढचं साल त्याच घरी. म्हणजे पाडवा यायचा, पण वर्ष बदलायचं नाही.

तरी मला एक गोष्ट मोठी वाटते. ज्याची उचल फिटलेली आहे, त्याला वर्षातून एकदा, त्या एका दिवशी, ‘मी या घरी राहणार नाही’ असं म्हणता यायचं. सालाच्या मध्येच निघालं तर ‘साल मोडलं’ म्हणून नाव खराब व्हायचं. मांडवसीला मात्र तो मान वर करून निघू शकायचा. घर बदलायचं, चार पायल्या ज्वारी वाढवून मागायची, किंवा सरळ गाव सोडायचं. गरीब माणसाचा नववर्षाचा संकल्प आपल्या भागात कसा दिसत होता असं मला कोणी विचारलं, तर मी हाच दाखवीन.

गाव सोडून जायचं कुठे? इथे गोष्टीत 1 जानेवारी येतो. 1853 मध्ये नागपूरचे तिसरे रघुजी भोसले गेले. औरस वारस नव्हता, आणि पुढच्याच वर्षी डलहौसीच्या कारभारात राज्य खालसा झालं. इंग्रजांबरोबर त्यांचं कॅलेंडरही कचेऱ्यांत आलं. त्यांचा 1 जानेवारी तरी कुठे फार जुना? 1752 पर्यंत इंग्लंडमध्ये कायद्याने नवं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे आपल्या पाडव्याच्या जवळपासच! त्यामुळे ‘हे आपलं नववर्ष नाही’ असे मेसेज दर डिसेंबरला फॉरवर्ड करणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. आपल्याकडे व्यापाऱ्याच्या वह्या दिवाळीच्या पाडव्याला बदलतात, बँकेचं वर्ष 1 एप्रिलला, शाळेचं जूनला, शेताचं मांडवसीला. एका घरात चार नवी वर्षं सुखाने नांदतात.

तर, 1867 मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. आणि 1 जानेवारी 1877 ला नागपुरात जमशेटजी टाटांची गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, म्हणून नाव ‘एम्प्रेस मिल’. कापूस इथलाच, मग कारखाना मुंबईला कशाला, हा टाटांचा हिशेब. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. यंत्रं बदलावी लागली, कामगार हजेरीला टिकेनात. मग गिरणीने दंडाऐवजी बक्षिसं लावली, 1886 मध्ये पेन्शन फंड काढला, 1895 मध्ये अपघाताच्या भरपाईची सोय केली. गिरणीकाम काही सुखाचं नव्हतं, तासन्‌तास उभं राहायचं, छातीत कापसाचं किटाळ. पण पगार महिन्याचा. वर्ष एकगठ्ठा विकायची गरज नाही. महिना संपला की पैसे हातात, पटलं नाही तर पुढचा महिना आपला. सालदाराच्या पोराला हा फरक कळायला अर्थशास्त्र शिकावं लागत नसे. (ती गिरणी 2002 मध्ये बंद झाली. तो वेगळ्या भागाचा विषय.)

गावात राहणाऱ्यांसाठी फरक पडायला आणखी शंभर वर्षं लागली. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं उभी राहिली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मधे 1976 मध्ये वेठबिगारी बंद करणारा केंद्राचा कायदा आला. म्हणजे उचल फिटली नाही म्हणून माणूस अडकवून ठेवणं गुन्हा ठरलं. कागदावरचं सगळं गावात उतरलं असं मी म्हणणार नाही. पण रस्त्याच्या, बंधाऱ्याच्या कामावर रोजी मिळते म्हटल्यावर मांडवसीच्या बोलणीत गड्याचा आवाज चढला, एवढं नक्की. आज तर गंमत आहे. सालाचे आकडे लाखाच्या पुढे गेलेत, तरी गडी मिळत नाही. मालक पाडव्याच्या आधी महिनाभर फिरतो आणि अटी गडी घालतो.

आता थोडं शब्दाकडे येऊ. आपल्याकडे नवस वेगळा आणि संकल्प वेगळा. नवसात अट असते: पीक आलं तर बोकड, मुलगा झाला तर पाळणा. संकल्पात ‘तर’ नसतो. पूजेला बसल्यावर भटजी हातावर पळीभर पाणी सोडायला सांगतात ना, त्याआधी ते काय म्हणतात ते कधी ऐकलंय? आधी देश आणि नदी, मग शक, संवत्सर, महिना, तिथी, मग तुमचं गोत्र आणि नाव. मी कुठे उभा आहे, कधी उभा आहे, कोण आहे, हे सांगून झाल्यावर शेवटी मी काय करणार ते. आपण उलटं करतो. आधी ‘दहा किलो कमी करणार’, आणि आपण राहतो कुठे, उठतो कधी, खिशात किती, याचा पत्ता नाही.

संत्र्याच्या बागेत हे बरोबर दिसतं. 1 जानेवारीला तुम्ही आमच्याकडे आलात तर झाडं मलूल दिसतील, पानं वळलेली. रोग नाही तो. आंबिया बहारासाठी डिसेंबरपासून मुद्दाम पाणी तोडलेलं असतं. त्याला ‘ताण देणं’ म्हणतात. जानेवारीच्या मध्यापासून पाणी सोडलं की फूल निघतं, आणि फळ हातात येतं ते ऑक्टोबरनंतर. ताण किती द्यायचा हे जमिनीवर ठरतं. हलक्या जमिनीत थोडा पुरतो, भारी काळ्या जमिनीत जास्त लागतो. मधेच अवकाळी पाऊस आला की ताण मोडला. फूल लागल्यावर गारपीट झाली की संपलं. शेजाऱ्याने केलं म्हणून आपणही तेवढेच दिवस पाणी तोडलं, तर झाडच वाळतं.

आणि कधी कधी वर्षच हातातून जातं. आमच्या तालुक्यातलं मोवाड हे वर्धा नदीकाठचं गाव. आकाराने लहान, पण नगरपरिषद 1867 ची. 30 जुलै 1991 ला नदीला महापूर आला आणि गावातले 204 जण गेले. आकडा पुन्हा सांगतो, 204. एका लहान गावातले, एका दिवसात. त्यानंतरचा पाडवा 4 एप्रिल 1992 ला आला, शके 1914. पुरानंतर आठ महिने. पुढे गावाचं पुनर्वसन झालं, नवी वस्ती उभी राहिली. अजूनही दर 30 जुलैला तिथे गेलेल्यांना श्रद्धांजली वाहतात. आमच्या भागात जुन्या गोष्टीचा काळ सांगताना माणसं सन सांगत नाहीत, ‘पुराच्या आधी’ की ‘पुराच्या नंतर’ असं सांगतात. मोवाडातली मंडळी आजही मांडवस करतात, बागांना ताण देतात, सालाची बोलणी करतात. आशा वगैरे शब्द त्यांच्या तोंडी मी फारसे ऐकलेले नाहीत. “यंदा पाच ओळी झाडं वाढवतो” असं मात्र ऐकलंय.

पुढच्या भागाआधी तुमच्याकडून एक हवंय. आजोबा, पणजोबा कोणाकडे सालाने राहिले असतील, किंवा घरी सालदार असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा: साल किती ठरायचं, ज्वारी किती पायल्या, आणि आजीचं काम त्यात धरलं होतं का? फोनवर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. तिसरा प्रश्न विसरू नका, कारण त्याचं उत्तर कुठल्याच वहीत सापडत नाही.