दर महिन्याला शर्यत म्हणजे अल्ट्राची तयारी? शंभर वर्षांचा अनुभव काय सांगतो

ऑगस्टमध्ये ठाण्याची वर्षा मॅरेथॉन, मग साताऱ्याची घाटातली अर्धमॅरेथॉन, डिसेंबरमध्ये वसई-विरार, जानेवारीत मुंबई. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या हौशी धावपटूंचं हे जणू वार्षिक पंचांगच झालं आहे. यातले काही जण पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या ‘कॉम्रेड्स’ या सुमारे ९० किलोमीटरच्या शर्यतीचं स्वप्न पाहतात. मग प्रश्न येतो: ‘डॉक्टर, इतक्या शर्यती पळतोय, म्हणजे तयारी आपोआप होतेच ना?’ उत्तरासाठी थोडं इतिहासात डोकावू या.

चौगुलेंचा काळ

१९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यती पाहून सर दोराबजी टाटांनी आपले धावपटू ऑलिम्पिकला पाठवायचं मनावर घेतलं. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले. २ तास ५० मिनिटांत त्यांनी १९ वा क्रमांक मिळवला. तेव्हा मोठी शर्यत ही क्वचित येणारी परीक्षा होती. आज २००४ पासून सुरू असलेल्या मुंबई मॅरेथॉननंतर परिस्थिती उलटी झाली आहे: हंगामात जवळपास दर रविवारी कुठे ना कुठे शर्यत असते.

न्यूटनचा धडा

कॉम्रेड्स सुरू झाली २४ मे १९२१ रोजी. ३४ जण निघाले, १६ जणांनी ती पूर्ण केली. पुढच्या वर्षी आर्थर न्यूटन नावाचा ३९ वर्षांचा शेतकरी जिंकला आणि एकूण पाच वेळा जिंकला. त्याची पद्धत साधी होती: भरपूर, पण सावकाश पळायचं. सरावात शर्यत लावायची नाही, लांब शर्यती मोजक्याच पळायच्या. पुढे याच शर्यतीत नऊ वेळा जिंकलेल्या ब्रूस फोर्डाइसनेही जोर लावून पळायच्या शर्यती मोजक्याच ठेवल्या आणि विश्रांतीला महत्त्व दिलं.

शरीरात काय होतं?

सावकाश पळताना हृदय, रक्तवाहिन्या आणि स्नायूंची दमदारी वाढते. झीज थोडीच होते. शर्यतीत मात्र आपण वेळेमागे धावतो. स्नायूंचे तंतू सूक्ष्म प्रमाणात फाटतात आणि ते भरून यायला दिवस नव्हे, आठवडे लागतात. त्याआधीच पुढचा नंबर छातीवर लावला, तर सराव वाढत नाही, फक्त झीज साठत जाते. १९८२ मध्ये केपटाऊनच्या ५६ किलोमीटरच्या शर्यतीनंतर केलेल्या एका अभ्यासात सुमारे ३३ टक्के धावपटूंना दोन आठवड्यांत सर्दी-घशाचा त्रास झाला. न पळणाऱ्यांमध्ये हे प्रमाण १५ टक्के होतं. ही लक्षणं दरवेळी जंतुसंसर्गाचीच असतात का, यावर नंतर वाद झाला, पण थकलेलं शरीर विश्रांती मागतं हे खरं.

मग शर्यती सोडायच्या का?

नाही. कॉम्रेड्सच्या प्रवेशासाठी ठरावीक वेळेत पूर्ण केलेली मॅरेथॉन लागतेच. शिवाय बूट, खाणं-पिणं, पहाटेचं पोट यांची तालीम शर्यतीतच होते. फक्त हे पाळा:

- वर्षात दोन किंवा तीनच शर्यती जोर लावून पळा. बाकीच्या रोजच्या सरावाच्या वेगाने, गप्पा मारता येतील इतक्या सावकाश.
- पूर्ण मॅरेथॉननंतर साधारण तीन-चार आठवडे दुसरी मोठी शर्यत नको.
- वेदनाशामक गोळी घेऊन पळू नका. मूत्रपिंडांवर ताण येतो.
- तहानेप्रमाणे प्या. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायल्यास रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं.
- पळताना छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा. शर्यतीनंतर लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

कपाटात पदकं किती लटकली आहेत, यावरून तयारी मोजू नका. सकाळी उठल्यावर पाय हलके वाटतात का, झोप नीट लागते का, हे पाहा. न्यूटनजवळ ना घड्याळातलं ॲप होतं, ना दर रविवारी शर्यत. त्याच्याजवळ होते सावकाश पळलेले महिने.