खोटा संदेष्टा ओळखायचा कसा? ख्रिस्ती परंपरेतल्या कसोट्या काय सांगतात?

एप्रिल २०२३ मध्ये केनियाच्या किनारपट्टीजवळच्या शाकाहोला जंगलात पोलिसांनी खोदकाम सुरू केलं. पुढच्या काही महिन्यांत तिथून ४०० हून अधिक मृतदेह बाहेर काढण्यात आले. त्यात लहान मुलंही होती. उपाशी राहून मरण पत्करलं तर येशूची भेट होईल, असं अनुयायांना सांगितल्याचा आरोप पॉल मॅकेन्झी या उपदेशकावर ठेवण्यात आला. त्याने आरोप नाकारले.

अशी घटना घडली की एक प्रश्न हमखास विचारला जातो: एवढ्या लोकांपैकी कुणाला शंका कशी आली नाही? अनेकदा अडचण शंका येण्याची नसते. शंका बोलून दाखवणं म्हणजे देवावर अविश्वास, असं मनावर बिंबवलेलं असतं. बायबल मात्र याच्या नेमकं उलट सांगतं.

पारख करणं म्हणजे काय?

योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सर्वसामान्य विश्वासणाऱ्यांना स्पष्ट सूचना आहे: प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, आधी तो पारखून घ्या. कारण खोटे संदेष्टे पुष्कळ आहेत.

इथे वापरलेलं मूळ ग्रीक क्रियापद नाणी आणि धातू तपासण्यासाठीही वापरलं जाई. मराठीतली 'पारख' आणि 'कसोटी' हे शब्दही सराफाच्या दुकानातलेच. कसोटी म्हणजे सोनं घासून पाहण्याचा काळा दगड. सोनं घासून पाहणारा सोन्याचा अपमान करत नाही, तसंच इथेही आहे.

करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात आत्मे ओळखण्याचं खास कृपादानही सांगितलं आहे. पण पारखण्याची जबाबदारी फक्त ते दान मिळालेल्यांवर टाकलेली नाही. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात दोन गोष्टी एकत्र येतात: संदेश तुच्छ मानू नका आणि सगळं पारखून जे चांगलं आहे ते धरून ठेवा.

पहिली कसोटी: शिकवण

प्रेषितांच्या कृत्यांच्या १७ व्या अध्यायात बिरुया गावातल्या लोकांचा उल्लेख आहे. पौलाने सांगितलेलं खरं आहे का, हे ते रोज शास्त्रलेखांत शोधून पाहत. त्याबद्दल त्यांना दोष दिलेला नाही, त्यांचं कौतुकच केलं आहे. गलतीकरांच्या पत्रात पौल याहून पुढे जातो. मूळ सुवार्तेपेक्षा वेगळी सुवार्ता आपण स्वतः किंवा स्वर्गातल्या दूताने सांगितली, तरी ती नाकारावी, असं तो बजावतो.

काही पंथ आपल्याकडे निवडक लोकांसाठीचं गुप्त ज्ञान असल्याचा दावा करत. इ. स. १८० च्या सुमारास आजच्या फ्रान्समधल्या लियों शहराचे बिशप आयरेनियस यांनी त्यांना उत्तर दिलं: प्रेषितांची शिकवण मंडळ्यांमध्ये उघडपणे दिली गेली आहे, ती कुणाच्या खासगी मालकीची नाही. 'हे फक्त मलाच प्रकट झालं आहे' असं सांगणाऱ्यापुढे आजही हाच युक्तिवाद मांडला जातो.

दुसरी कसोटी: फळ

मत्तयाच्या सातव्या अध्यायात येशू मेंढरांच्या वेषातल्या लांडग्यांबद्दल सावध करतो आणि झाड फळावरून ओळखायला सांगतो. पुढे तो आणखी एक गोष्ट सांगतो: त्याच्या नावाने भुतं काढणारे आणि चमत्कार करणारेही नाकारले जातील. म्हणजे चमत्कार हा खरेपणाचा पुरावा ठरत नाही.

जुन्या करारातही हीच काळजी दिसते. 'अनुवाद' या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायानुसार, देवाच्या नावाने सांगितलेलं भाकीत खरं ठरलं नाही तर ते देवाचं नव्हतं. पण १३ वा अध्याय सांगतो, की चिन्ह खरं ठरूनही तो माणूस दुसऱ्या देवांमागे नेत असेल, तर त्याचं ऐकायचं नाही.

तिसरी कसोटी: पैसा

'दिदाखे' ही आरंभीच्या मंडळीची छोटी नियमपुस्तिका. तिचं हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल इथे सापडलं आणि १८८३ मध्ये छापलं गेलं. फिरत्या उपदेशकांबाबत तिचे नियम अगदी व्यवहारी आहेत. पाहुणा एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना त्याने भाकरीच घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. मात्र दुसऱ्या गरजूंसाठी मागितलं तर त्याला दोष देऊ नये.

जास्त दान दिलं तर आजार आणि गरिबी नक्की जाईल, असं सांगणाऱ्या 'समृद्धीच्या सुवार्ते'वर आज हीच कसोटी लावली जाते. २०१० मध्ये केपटाउनमध्ये भरलेल्या लोझान चळवळीच्या परिषदेतून आलेल्या जाहीरनाम्याने देवाच्या चमत्कारी सामर्थ्यावर विश्वास कायम ठेवला, पण समृद्धीची ही शिकवण नाकारली.

पारख की छळ?

या कसोट्यांचा गैरवापरही झाला आहे. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झालं. मधला थोडा काळ वगळता ते १८१२ पर्यंत चाललं. जुने रीतिरिवाज पाळल्याच्या संशयावरून प्रामुख्याने धर्मांतरित ख्रिस्ती लोकांवर खटले चालले. तिथे कसोटी सामान्य माणसाच्या हातून निघून सत्तेच्या हाती गेली होती.

पंडिता रमाबाईंची वाट वेगळी होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्या आपल्या ख्रिस्ती मार्गदर्शकांना प्रश्न विचारत राहिल्या. स्वतः वाचून सदसद्विवेकबुद्धीला पटेल तेच मानण्याचा त्यांचा आग्रह होता. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या मराठीत बायबलचा अनुवाद केला. १९२२ मध्ये त्यांचं निधन झालं आणि १९२४ मध्ये तो संपूर्ण प्रकाशित झाला. ग्रंथ वाचता आला, तरच ऐकलेलं पडताळता येतं.

कोणते प्रश्न विचारावेत?

- सांगितलेली गोष्ट बायबलमध्ये संदर्भासह दिसते का, की एखादी ओळ तोडून घेतली आहे?
- प्रश्न विचारल्यावर उत्तर मिळतं, की शापाची भीती घातली जाते?
- पैशांचा हिशेब मंडळीला दाखवला जातो का?
- घरच्यांशी आणि इतर मंडळ्यांशी संबंध तोडायला सांगतात का?
- औषधं बंद करायला सांगतात का? तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पोटाच्या त्रासासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला आहे आणि लूकचा उल्लेख प्रिय वैद्य म्हणून येतो.
- मंडळी सोडून जाण्याची मोकळीक आहे का?

उपचार थांबवणं, उपाशी ठेवणं किंवा मुलांना धोक्यात घालणं असं काही दिसलं, तर धर्मशास्त्राची चर्चा नंतर करता येते. आधी डॉक्टरांची किंवा पोलिसांची मदत घ्यावी.