गोंडगोवारी : एका जोडशब्दाची कुळकथा

नागपुरात सीताबर्डीला गोवारी शहिदांचं स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधिमंडळावर निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यात बायका-लेकरंच जास्त. आम्हाला आदिवासी म्हणा, एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते एका जोडशब्दात अडकलं होतं.

गोवारी म्हणजे गाई राखणारा. सकाळी घरोघरची गुरं सोडवून रानात न्यायची, दिवस कलताना आणून पोचवायची, हा विदर्भातल्या गावागावातला त्याचा नेम. रसेल आणि हिरालाल या अभ्यासकांनी १९१६ च्या ग्रंथात या जमातीचा उगम गोंड-अहीर संबंधांतून सांगितला. पोटशाखांत ‘गोंडगोवारी’ हे नावही दिलं. पुढे १९५६ च्या दुरुस्तीने अनुसूचित जमातींच्या यादीत गोंडांच्या नोंदीखाली ‘गोंडगोवारी’ आलं. नुसतं ‘गोवारी’ नाही. गावात स्वतःला गोवारी म्हणवणारा माणूस त्या यादीत कुठेच नव्हता.

मोर्चानंतर, १९९५ मध्ये, विशेष मागास प्रवर्ग मिळाला. तो आदिवासीपणा नव्हे, हे गोवाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. ते कोर्टात लढत राहिले.

कोर्टातला पेच समजून घ्यायलाच हवा. २००० साली हलबा-कोष्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं की यादी जशी आहे तशीच वाचायची; पुरावे घेऊन तिचा अर्थ वाढवायचा नाही, तो अधिकार संसदेचा. पण १९६४ चा म्हैसूरच्या भोवी-वोड्डर प्रकरणाचा निकालही होता. त्यानुसार यादीतल्या नावाची जातच त्या मुलखात सापडत नसेल, तर ते नाव कुणासाठी घातलं, याचा शोध घेता येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ ऑगस्ट २०१८ ला हीच वाट धरली : गोंडगोवारी नावाची वेगळी जमात १९११ पूर्वीच लोपली, तेव्हा यादीतले गोंडगोवारी म्हणजे हेच गोवारी. मला हा निकाल माणसांच्या जगण्याला धरून वाटतो.

१८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. गोंडगोवारी ही वेगळी जमात, गोवारी तिच्यात बसत नाहीत. मधल्या दोन वर्षांत आदिवासी म्हणून मिळालेले प्रवेश आणि नोकऱ्या तेवढ्या शाबूत ठेवल्या. म्हणजे एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोन भावंडांपैकी २०१९ ला कॉलेजात गेलेली थोरली आदिवासी म्हणून शिकणार आणि दोन वर्षांनी बारावी झालेल्या धाकट्याच्या अर्जावर तो रकाना रिकामा राहणार.