मधुकराची भिक्षा

‘माधुकरी’ हा शब्द आपल्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला असेल. आजच्या पालकांपैकी पुष्कळांनी तो केवळ पुस्तकात वाचला असेल. शिकण्यासाठी परगावी आलेल्या गरीब मुलाने काही ठरावीक घरी जाऊन शिजवलेले अन्न थोडे थोडे मागून आणावे आणि त्यावर विद्याभ्यास चालवावा, अशी ही रीत होती. शब्दाचे मूळ ‘मधुकर’, म्हणजे मध करणारा कीटक. भिक्षेला मधमाशीचे नाव का मिळाले, हे पाहू लागले की मराठी शिक्षणाच्या इतिहासातला एक धागा फार मागे जाऊन पोहोचतो.

फुलाचा रंग आणि गंध न दुखवता त्यातील रस घेणारी माशी आपल्या पूर्वजांच्या मनात खोलवर ठसली होती. ‘धम्मपदा’त मुनीने गावातून कसे फिरावे, हे सांगण्यासाठी हाच दृष्टान्त येतो. जैनांच्या ‘दशवैकालिक सूत्रा’च्या पहिल्याच अध्ययनाचे नाव ‘द्रुमपुष्पिका’ असे असून साधूने गृहस्थाला भार न होता अन्न कसे घ्यावे, हे तेथे भ्रमराच्या उपमेने समजावले आहे. महाभारतातील विदुर हीच उपमा राजापुढे ठेवतो आणि फुले राखून मध घेणाऱ्या माशीप्रमाणे प्रजेकडून धन घेण्यास सांगतो. मनुस्मृतीत करवसुलीसाठी जळू, वासरू आणि भ्रमर असे तीन नमुने एकत्र दिले आहेत. वासरू आणि भ्रमर यांच्याबरोबर जळूही त्या यादीत असावी, यावर करदात्यांनी काय म्हणायचे ते म्हणावे!

भिक्षेच्या संदर्भात ‘माधुकरी वृत्ती’ हा शब्दप्रयोग भागवताच्या एकादश स्कंधात, अवधूताच्या चोवीस गुरूंच्या कथेत आढळतो. परंपरा या अवधूताला दत्तात्रेय मानते. त्याच्या गुरूंत मधमाशी आहे. आणि गंमत अशी, की तिचा मध लुटणारा ‘मधुहा’ही आहे. मधमाशीकडून अवधूत दोन धडे घेतो. पहिला, अनेक घरांतून थोडे थोडे घ्यावे. दुसरा उलट्या अंगाचा : साठा करू नये, कारण साठ्यापायी माशी साठ्यासकट नष्ट होते. हाच एकादश स्कंध संत एकनाथांनी मराठीत आणला. एकनाथी भागवताचे पहिले पाच अध्याय पैठणला झाले आणि उरलेले काशीत, असे परंपरा सांगते. ग्रंथ १५७३ मध्ये काशीतच पुरा झाला. माधुकरीचा प्रसंग आठव्या अध्यायातला आहे. म्हणजे त्याचे मराठी निरूपण महाराष्ट्राबाहेर, गंगेच्या काठी लिहिले गेले. परप्रांतात मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे अप्रूप वाटल्यावाचून राहणार नाही.

संन्याशाची ही वृत्ती पुढे विद्यार्थ्याकडे आली. पुण्यासारख्या विद्येच्या गावी एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही बराच काळ माधुकरी मागणारी मुले सकाळी दारोदार दिसत. तिच्या जोडीला ‘वार लावून जेवणे’ होते. आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी पान. एखाद्या घराचा वार सुटला की त्या दिवशी उपास घडे. या रीतीचे गोडवे गाताना दोन गोष्टी विसरता येत नाहीत. मागणाऱ्या मुलाच्या मनाला लागलेली बोच अन्नाने भरून निघत नसे. दुसरे म्हणजे, ही दारे मुख्यतः ब्राह्मण मुलांसाठीच उघडत. ज्यांचा स्पर्शही नको होता, त्यांच्या मुलांनी कोणत्या उंबऱ्यावर उभे राहायचे? मधमाशी फुलाची जात पाहून मध नाकारत नाही आणि फूलही तिला परत पाठवत नाही. माणसांची माधुकरी मात्र उपमेइतकी उदार कधीच नव्हती.

उपमेतील माशीचे हे कौतुक चालू असताना खऱ्या माशीशी माणूस कसा वागत होता? तिच्या बाबतीत तो बहुधा मधुहाच होता. पचमढीच्या डोंगरातील शैलचित्रांत मध काढणारी माणसे दिसतात, इतका हा उद्योग जुना आहे. उंच कड्यावरचे आग्यामोहोळ असो की झाडाच्या ढोलीतले सातेरीचे पोळे, रीत एकच : धूर करायचा, माश्या उठवायच्या, पोळे कापून पिळायचे. त्यात अंडी, अळ्या, पराग सारेच चिरडले जाई. फुलाला न दुखवणाऱ्या जीवाला न दुखवता मध घेण्याची युक्ती सापडायला १८५१ हे साल उजाडावे लागले. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांच्या ध्यानात आले की पेटीतील चौकटींभोवती ठरावीक, सेंटिमीटरभरापेक्षाही कमी फट ठेवली, तर माश्या ती बुजवत नाहीत. मग चौकट अलगद उचलता येते, मध यंत्रात फिरवून काढता येतो आणि रिकामे पोळे माश्यांना परत देता येते. आपल्या सातेरी माशीच्या मानाने लहान पेटी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्लीचे फादर न्यूटन यांनी बनवली. पुढे महाबळेश्वरच्या परिसरात हा व्यवसाय रुजला, १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था निघाली, आणि २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचे मांघर ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले.

जुन्या दृष्टान्तात एक गोष्ट मात्र राहून गेली होती. माशी फुलाला दुखवत नाही, एवढेच पूर्वजांनी पाहिले. फुलालाच तिची गरज आहे, हे जर्मनीतील श्प्रेंगेल यांनी १७९३ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर दाखवले. अंगाला चिकटलेले पराग ती एका फुलावरून दुसऱ्यावर नेते, तेव्हा फळ धरते, बी भरते. आपल्या काव्याने भ्रमराला चंचल प्रियकर ठरवले. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात हंसपदिका त्यालाच तर टोमणा मारते. प्रत्यक्षात मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जाते आणि म्हणूनच तिने नेलेले पराग वाया जात नाहीत. कांद्याचे बी, सूर्यफूल, मोहरी, भोपळा यांच्या शेतात तिचे येणे म्हणजे घेणे कमी, देणेच अधिक.

या ज्ञानाच्या उजेडात माधुकरीकडे पुन्हा पाहावेसे वाटते. ज्या घरांनी मूठभर भात वाढला, त्या घरांच्या पुढच्या पिढ्यांना शिकवणारे मास्तर याच मुलांतून निघाले. त्यातही पुढचे पाऊल पडले ते मुलाची झोळी संस्थेने आपल्या खांद्यावर घेतली तेव्हा. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात मराठी शिक्षणासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी पणजीत जी संस्था निघाली, तिने ‘मुष्टिफंड’ हेच नाव धारण केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह काढले. गावोगावच्या घरांतून मुठीमुठीने धान्य गोळा होई. कोठीत काही उरले नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांच्या पोटाची सोय केली. उंबऱ्यावर आता एकटा, ओशाळलेला मुलगा उभा नव्हता, आणि मिळालेले धान्य कोणत्या जातीच्या ताटात जाईल, हे देणाऱ्याच्या हाती राहिले नव्हते.

महाराष्ट्राबाहेरच्या कितीतरी मराठी शाळाही अशाच लहान लहान वर्गण्यांवर उभ्या राहिल्या. मोठ्या देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर येतात. रुपया-दोन रुपये देणाऱ्यांची नावे उरतात ती फक्त जुन्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींवर, आणि त्या वाळवीच्या तोंडी लवकर पडतात. आपल्या शाळेच्या किंवा कुणाच्या घरच्या कपाटात अशी पावतीपुस्तके असतील, तर हीरकमहोत्सवाच्या या वर्षात कोणा माजी विद्यार्थ्याने त्यांतील नावे, रकमा आणि तारखा एका वहीत उतरवून ठेवाव्यात, एवढी विनंती या निमित्ताने करतो.